बांधाखालची सून

प्रश्न गोव्यातल्या डिचोलीच्या एका तरुण नाटककार मुलीचा आहे. थोडक्यात असा: "माझं दोन अंकी नाटक खाजनाच्या, म्हणजे बांध घालून खाडीपासून राखलेल्या शेतजमिनीच्या, काठावरच्या गावात घडतं. ओळीने तीन पावसाळे बांध फुटतो, खारं पाणी शेतात शिरतं. घाडी, म्हणजे गावचा देवऋषी, सांगतो, बांधाला माणूस हवा. गाव देवाला कौल लावतं, एका गांवकाराच्या, म्हणजे गावच्या मूळ हक्कदाराच्या, घरातली धाकटी सून ठरते, ती जाते आणि बांध टिकतो. वाचनाला बसलेल्यांपैकी काहींना सून थोर वाटली, काहींना गाव क्रूर वाटलं. पण शेवट कुणाच्याच अंगावर आला नाही. शंभर घरं वाचवायला एक जीव द्यावा लागत असेल तर लिहिणाऱ्याने कुठल्या बाजूला उभं राहायचं? आणि शेवट कसा करायचा?"

तुझी संहिता मी दोनदा वाचली. शेवटाचं दुखणं शेवटात नाही, पहिल्या अंकात आहे. तू एक आणि शंभर हे दोन आकडे प्रेक्षकापुढे ठेवलेस आणि त्यातला मोठा कुठला ते त्याला ओळखायला लावलंस. ते तर शाळेतलं पोरही ओळखतं. हिशेब कोण मांडतंय, कुणाच्या वतीने मांडतंय आणि ज्या एकीला वजा करायचं ती त्या बैठकीत होती का, हे मात्र तू कुठेच दाखवलेलं नाहीस. नाटक तिथे आहे.

हे मला कुणी शिकवलं ते आधी सांगते. मी बावीस वर्षांची होते. फोंडा तालुक्यातल्या एका गावच्या जत्रेत आमचं नाटक होतं, आणि त्यात राज्यावरचं अरिष्ट टळावं म्हणून जिला देवीपुढे उभी करतात त्या मुलीचं काम माझ्याकडे होतं. पालखी देवळात परतल्यावर, रात्री बाराच्या सुमाराला पडदा उघडला. गोव्यातली जत्रेची नाटकं तुला माहीत आहेत. पुढे चटयांवर पोरं आणि म्हाताऱ्या, मागे खुर्च्या, त्यांच्यामागे चण्यांची आणि खाज्यांची दुकानं. माझा मोठा प्रवेश आला. राजा विव्हळून बोलला, प्रधानाने राज्याचं हित समजावलं, राजगुरूंनी शास्त्र सांगितलं. मी मान खाली घालून उभी. मला त्या प्रवेशात शेवटची चार वाक्यं होती आणि ती चारही होकाराची होती. तेवढ्यात पहिल्या रांगेतली एक आजी शेजारणीकडे वळून, पण सगळ्या मंडपाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तिका कोणें विचारलां गे?" तिला कुणी विचारलंय का, एवढंच. आसपासच्या बायकांनी माना हलवल्या. राजाचं काम करणारे काका मुरलेले नट होते, तेही क्षणभर थांबले. मी माझी चार वाक्यं म्हटली, टाळ्याही मिळाल्या. पण त्या रात्रीनंतर अशी कुठलीही संहिता हातात आली की मी तोच प्रश्न घेऊन वाचायला बसते.

आता आपल्या घरातल्या गोष्टीकडे ये. तुझ्या मुख्य गांवकाराच्या तोंडी तू जो संस्कृत श्लोक घातला आहेस तो असा आहे:

त्यजेदेकं कुलस्यार्थे ग्रामस्यार्थे कुलं त्यजेत् ।
ग्रामं जनपदस्यार्थे आत्मार्थे पृथिवीं त्यजेत् ॥

कुळासाठी एकाला सोडावं, गावासाठी कुळाला, देशासाठी गावाला, आणि आत्म्यासाठी पृथ्वीलाही सोडावं. तुझ्या गांवकाराने पहिले तीन चरण म्हटले आणि चौथा गाळला. तू हे जाणूनबुजून केलं असशील तर फार छान, पण मग तो गाळलेला चरण कुणाच्या तरी लक्षात आला पाहिजे. पाठशाळेत चार दिवस गेलेला एखादा पोरगा सभेत तो पुरा करू दे. पहिल्या तीन पायऱ्यांवर हिशेब वाढत जातो आणि चौथ्या पायरीवर सगळा उलटतो. एका बाजूला आत्मा, दुसऱ्या बाजूला सगळी पृथ्वी, आणि सोडायची ती पृथ्वी. ज्या श्लोकाने सून बांधाखाली घालायची, त्याच्याच पोटात तिला वाचवणारं वाक्य आहे.

हा श्लोक महाभारतात कुणाला उद्देशून आला आहे तेही बघ. विदुर धृतराष्ट्राला सांगतोय की दुर्योधनाला सोड. म्हणजे वजा करायचा एक जण हस्तिनापूरचा राजपुत्र आहे. बोलणारा दासीपुत्र आहे आणि ऐकणारा बाप सिंहासनावर बसलेला आहे. विदुराचा हिशेब बरोबरही होता, एकाला सोडलं असतं तर कुळ वाचलं असतं. तरी बापाने ऐकलं नाही. मला वाटतं या विषयावर आपल्याकडे याहून मोठं काही लिहिलं गेलेलं नाही. हे सूत्र वरच्या माणसावर लागू करायची वेळ आली तेव्हा ते कुणी पाळलं नाही, आणि खालच्या माणसाची वेळ आली की ते सगळ्यांना पाठ असतं.

घाटापलीकडे कन्नड मुलखात 'केरेगे हार' नावाचं लोकगीत आहे, तळ्याला दिलेला बळी असा त्याचा अर्थ. कल्लनकेरीचा मल्लनगौडा तळं खणतो, पाणी लागत नाही. ज्योतिषी सांगतो, सून द्या. थोरली दिली तर घर कोण सांभाळणार? ठरते ती धाकटी, भागीरथी. तिचा नवरा लष्करात, लांब. तळ्याची पूजा होते, सगळे जेवून परत निघतात आणि सोन्याची वाटी तिथेच राहते. ती आणायला धाकटीला पाठवतात. ती वाटी घेऊन पायऱ्या चढू लागते आणि पाणी आधी पावलाला लागतं, मग गुडघ्याला, मग कमरेला. गीतात कुणी शस्त्र उचलत नाही, कुणी ढकलत नाही. घरातली वाटी विसरली, सुनेला आणायला सांगितली, एवढंच घडतं. नवरा घोड्यावरून येतो, कळल्यावर त्याच तळ्यात उडी घेतो.

ती वाटी मला झोपू देत नाही. सुनेला बोलावण्याचा तुझा प्रवेश मी पुन्हा वाचला. तिथे ढोल आहेत, मशाली आहेत, मंत्र आहेत. हे सगळं काढून टाक असं मी म्हणत नाही, जत्रेच्या प्रेक्षकाला ढोल हवा असतो. पण ढोलाच्या आधी कुठेतरी वाटीएवढी साधी गोष्ट येऊ दे. सासू म्हणेल, "अगं, कोयता बांधावर राहिला बघ." ती सांगताना सासूचा हात पिठात असेल आणि ती वर बघणार नाही.

दुसरी गोष्ट, हातांची. ऐतरेय ब्राह्मणात शुनःशेपाची कथा आहे. हरिश्चंद्राने वरुणाला मुलगा द्यायचं कबूल केलं होतं. मुलगा रोहित मोठा झाला तसा रानात निघून गेला आणि राजाला जलोदर झाला. सहाव्या वर्षी रोहिताला रानात अजीगर्त नावाचा उपाशी ब्राह्मण भेटला. त्याला तीन मुलगे. शंभर गाई देतो, एक मुलगा दे, माझ्याऐवजी. बापाने थोरला कवटाळला, आईने धाकटा. राहिला मधला. यज्ञाच्या वेळी त्याला यूपाला, म्हणजे बळीच्या खांबाला, बांधायला कुणी मिळेना. बाप म्हणाला, आणखी शंभर द्या, मी बांधतो. कापायला कुणी मिळेना. बाप म्हणाला, आणखी शंभर द्या, मी कापतो. आणि शस्त्र परजत आला.

आमच्या कार्यशाळेत मी ही गोष्ट पोरांकडून नुसती उभी करून घेते. एक जण दोरी घेऊन उभा राहतो, बाकीच्यांनी पुढे यायचं आणि नकार द्यायचा. एका मुलाने नकार देताना हात मागे बांधून घेतले होते, तो हात अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. 'गावाने बळी दिला' असं वाक्य कागदावर लिहिता येतं, रंगमंचावर करता येत नाही. तिथे कुणीतरी सांगतं, कुणीतरी दार उघडतं, कुणीतरी हाताला धरतं, कुणीतरी माती टाकतं. तुझ्या संहितेत "गावकरी तिला नेतात" अशी कंसात सूचना आहे. त्या सूचनेत तुझे तीन प्रवेश लपलेले आहेत. कोण दोरी धरायला तयार झाला? त्याला काय मिळालं? कोण त्या दिवशी आजारी पडला?

आणि शुनःशेप काय म्हणतो? मी माणूस नसल्यासारखे हे मला कापतील, असं त्याच्या मनात येतं. मग तो देवांना हाका मारतो, एकेकाला, आणि शेवटी उषेला. एकेक ऋचा म्हणतो तसा एकेक पाश गळतो, आणि तिकडे राजाचं पोटही उतरत जातं. सुटल्यावर बाप त्याला घरी न्यायला येतो. पोरगा सांगतो, तुझ्या हातात लोकांनी शस्त्र पाहिलं, माझ्यापेक्षा तू तीनशे गाई पसंत केल्यास. आणि तो विश्वामित्राच्या मांडीवर जाऊन बसतो. या कथेत जगाचं कल्याण कुठे नाही, एका राजाचं जुनं देणं आहे, ते दुसऱ्याच्या मुलाने फेडायचं. अशा पुष्कळ गोष्टींना राज्याच्या हिताचा मुलामा नंतर चढतो. तुझ्या नाटकातही खरवडून बघ, खाली कुणाचं खाजगी देणं निघतं का.

मला वाटतं निघतं, आणि ते तुझ्याच गावात पडलेलं आहे. खाजनाबद्दल तू थोडं कमी लिहिलंस. माझं माहेर खाजनाच्या काठचं, म्हणून सांगते. बांध असाच फुटत नाही. चिखल-पेंढ्याच्या बांधाला खेकडे बिळं करतात, बिळातून पाणी झिरपतं, झिरप मोठी होते आणि अमावास्येच्या भरतीला बांध बसतो. ती बिळं हेरून बुजवणं हे वर्षभराचं काम असतं. मानस म्हणजे बांधातली पाण्याची झडप. मानशीची दारं भरतीला मिटतात आणि सुकतीला उघडतात, त्यामुळे शेतातलं पाणी बाहेर जातं, खाडीचं आत येत नाही. पण मानशीवर मासे पकडण्याच्या हक्काची पावणी, म्हणजे लिलाव, होते. पावणी घेणाऱ्याला जास्त मासळी हवी असली की तो भरतीतही दारं उघडी ठेवतो. पाणी आत शिरतं, मासळी शिरते, आणि त्या लोटाने बांध आतून खचतो. हे म्हाताऱ्या शेतकऱ्यांना माहीत असतं.

आता तुझ्या गावातल्या मानशीची पावणी तीन वर्षं कुणाकडे आहे? तू लिहिलेलं नाहीस. ती मुख्य गांवकाराच्या मेव्हण्याकडे असू दे. सभेत बसलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक असू दे आणि कुणीही ते बोलू नये. मग घाडी उभा राहून "बांधाला माणूस हवा" म्हणतो तेव्हा सभेला जी सुटका वाटते, ती प्रेक्षकाला ऐकू येईल. देवाला जीव हवा असेल तर पावणीचा विषय काढायची गरजच उरत नाही.

कौलाचा प्रवेश तुझ्या नाटकातला सगळ्यात बलवान आहे, आणि तू तो दीड पानात संपवलास. मूर्तीला भिजवलेल्या पाकळ्या लावल्या आहेत, भट समोर उभा आहे, गाव श्वास रोखून आहे. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पाकळी पडायला वेळ लागतो. खऱ्या देवळात कधी कधी अर्धा तास जातो, माणसं बसतात, उठतात, पुन्हा गाऱ्हाणं घालतात. हा वेळ नाटकात वापर. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे प्रश्न. देव विचारलेल्याचंच उत्तर देतो. गाव विचारतं, "धाकटी द्यायची का?" बांध का फुटला, हे कुणी विचारत नाही. कुणाची चूक आहे, हेही नाही. तुझ्या भटाला एकदा, फक्त एकदा, प्रश्न दुसऱ्या शब्दांत विचारावासा वाटू दे. तो तोंड उघडेल, मुख्य गांवकाराकडे बघेल आणि ठरलेलाच प्रश्न विचारेल. त्या तोंड उघडण्यावर चांगला नट सगळं नाटक तोलून धरेल.

सुनेच्या होकाराबद्दल तुला शंका होती. ती रास्त आहे. युरिपिडीज या ग्रीक नाटककाराच्या ऑलिसमधल्या इफिजेनियाची गोष्ट तू ऐकली असशील. ट्रॉयवर निघालेलं आरमार वाऱ्याअभावी बंदरात अडकलं आहे, आणि सेनापतीने आपली मुलगी देवीला द्यावी अशी मागणी आली आहे. मुलगी आधी बापाच्या पाया पडते, उजेड बघणं किती गोड आहे म्हणते, चांगलं मरण्यापेक्षा कसंबसं जगणं बरं म्हणते. थोड्याच वेळात ती उठते आणि ग्रीसासाठी मी स्वतः जाते म्हणते. अ‍ॅरिस्टॉटलने 'काव्यशास्त्रा'त नेमकं यावरच बोट ठेवलं: गयावया करणारी इफिजेनिया आणि नंतरची इफिजेनिया यांचा मेळ बसत नाही. एवढ्या जुन्या नाटकावर एवढा जुना आक्षेप, आणि तुझ्या संहितेवर मी तोच घेते आहे. पहिल्या अंकात तुझी सून माहेरच्या फणसाची आठवण काढून रडते. दुसऱ्या अंकात ती गावाला उद्देशून भाषण करते. मधे काय झालं?

मला विचारशील तर युरिपिडीजने जागा ठेवली आहे. आकिलीज हा ग्रीक वीर तिच्यासाठी एकटा सगळ्या सैन्याशी लढायला उभा आहे, त्याची स्वतःची माणसंही त्याच्या विरुद्ध गेली आहेत, हे ती ऐकते. सुटायला वाट नाही आणि ओढून नेतीलच, हे तिला दिसतं. मग निदान चालत जाईन, आणि मरणाला नाव मी देईन. हा होकार आहे की उरलेली एकमेव मालकी आहे? या प्रश्नावर नटी महिनाभर तालीम करू शकते. तुझ्या सुनेलाही ती वाट बंद होताना दिसली पाहिजे, एकेक दार. माहेरचं दार सगळ्यात शेवटी. माहेरचा भाऊ येतो, अंगणातच उभा राहतो, पाणीही पीत नाही आणि "गाव म्हणेल तसं" म्हणून निघून जातो. त्यानंतर तिने भाषण करू नये. तिने लुगड्याचा पदर खोचावा.

त्या नाटकाचा शेवटही ध्यानात ठेव. दूत येऊन सांगतो की सुरा पडायच्या क्षणी मुलगी अदृश्य झाली आणि वेदीवर हरिणी पडली होती. आई क्लायटेम्नेस्ट्रा त्यावर विश्वास ठेवायला तयार नाही. माझं दुःख शमावं म्हणून रचलेली ही गोष्ट नसेल कशावरून, असं ती विचारते. तुझी सून देवी होऊन बांधाची राखण करते, तिच्या नावाने दिवा लागतो, हे जे शेवटचं निवेदन तू घातलं आहेस, ते ऐकायला एक आई समोर उभी कर.

जे आपणहून जातात त्यांच्याबद्दल थोडक्यात. दधीची हाडं देतो. पन्हाळ्यावरून महाराजांना निसटता यावं म्हणून शिवा काशीद पालखीत बसतो, आणि ही रात्र १६६० च्या पावसाळ्यातली, खरी घडलेली आहे. तिथे प्रेक्षकाचे डोळे भरतात आणि ते भरणं प्रामाणिक असतं, कारण दिलेला जीव देणाऱ्याचाच होता. शिवा काशीदाला कुणी कौल लावून निवडलं नव्हतं. तू ही दोन माणसं एकमेकांच्या जागी ठेवू नकोस. 'ती आमच्यासाठी गेली' हे वाक्य शिवा काशीदाबद्दल म्हणता येतं म्हणून भागीरथीबद्दल म्हणायचा हक्क मिळत नाही.

सुटलेल्या ट्रामचं कोडं तुझ्या वाचनात कुणीतरी काढलंच होतं म्हणतेस. रुळावर पाच कामगार, दुसऱ्या फाट्यावर एक, चालकाने काय करावं? फिलिपा फूट या तत्त्वज्ञ बाईंनी ते १९६७ साली मांडलं. विचाराला धार लावायला ते फार चांगलं आहे, पण नाटकवाल्याच्या कामाचं नाही. त्या सहा जणांना चेहरे नाहीत, कालचा दिवस नाही, उद्याचा नाही, आणि ट्राम सोडणाऱ्याची चौकशी कोड्यात बसत नाही. आपलं काम चौकशीपासून सुरू होतं.

महाभारतातली आणखी एक जोडी सांगते, कारण तिच्यावर माझा फार जीव आहे. लाक्षागृहाच्या रात्री कुंतीने अन्नदान केलं. एक निषादी, म्हणजे निषाद जमातीतली बाई, आपल्या पाच मुलांना घेऊन जेवायला आली. ती आणि मुलं दारू पिऊन तिथेच झोपली. पांडवांनी घर पेटवलं आणि भुयारातून निसटले. सकाळी लोकांना एक बाई आणि पाच पुरुष यांची प्रेतं सापडली, आणि पांडव मेले असं सगळ्यांनी मानलं. त्या सहा जणांचं नाव नाही, त्यांच्यासाठी कुणी रडत नाही, लोक रडतात ते पांडव समजून. पुढे तीच कुंती एकचक्रेला एका ब्राह्मणाच्या घरी राहते. बकासुराकडे माणूस पाठवायची त्या घराची पाळी येते. बाप म्हणतो मी जातो, आई म्हणते मी, मुलगी म्हणते मी, आणि प्रत्येकजण आपलंच मरण कसं स्वस्त आहे ते पटवून देतो. इतक्यात सगळ्यात लहान पोरगं हातात गवताची काडी घेऊन बोबडं म्हणतं, याने मी राक्षसाला मारेन. सगळे रडता रडता हसतात. कुंती हे ऐकते आणि म्हणते, मला पाच मुलगे आहेत, एक जाईल. युधिष्ठिर तिला बोल लावतो. भीमाचं बळ तिला ठाऊक आहे, म्हणून ती निर्धास्त आहे, हे खरं. पण लाक्षागृहानंतर थोड्याच अंतरावर हा प्रसंग येतो, ही जागा मला नेहमी हलवते. मूळ ग्रंथ कुंतीच्या तोंडी निषादीचं नाव घालत नाही. नाटककाराला तो मोह होईल. मी एकदा एका छोट्या प्रयोगात कुंतीला गवताची काडी ऐकून हसताना मधेच थांबवलं होतं, बाकी काही नाही. प्रेक्षकातल्या काहींना कळलं.

तुझ्या नाटकातही निषादी आहे. पहिल्या पावसाळ्यात बांध फुटला तेव्हा मानशीजवळच्या झोपडीतली दोन माणसं वाहून गेली, असं एका पात्राच्या तोंडी जाता जाता आलं आहे. त्यांचा कौल कुणी लावला नव्हता. शंभर घरं मोजताना ती झोपडी धरली होती का?

आता शेवट. तुझा बांध टिकतो आणि पडदा पडतो. पडदा पाडू नकोस. गावासाठी माणूस गेला की पुढे काय राहतं ते बघायचं असेल तर मे महिन्यात सांगे तालुक्यात कुर्डीला जाऊन ये. साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलेलं गाव, मोगूबाई कुर्डीकरांच्या नावातलं कुर्डी ते हेच. तेव्हाचे मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांनी स्वतः जाऊन लोकांना सांगितलं होतं की या धरणाने सगळ्या दक्षिण गोव्याचं भलं होईल. दक्षिण गोव्याच्या नळांना तिथलं पाणी येतं, म्हणजे भलं झालंही. आणि दर उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुनी माणसं सोमेश्वराच्या देवळाकडे जमतात, उत्सव करतात. मी गेले होते तेव्हा एक बाई जोत्याच्या दगडांवर पाय मोजत चालत होती, इथे ओटी, इथे वळई, इथे चूल. नातवंडं मागून चालत होती. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. ती फक्त मोजत होती. तिथे मला कळलं की हिशेब त्या दिवशी मिटत नाही.

म्हणून सुनेला एक काम दे. आत्ता ती फक्त सुंदर आहे, सोशिक आहे आणि गाणं म्हणते. तिला बांधावरची बिळं बुजवायचं काम दे. धाकटी म्हणून ते तिच्या गळ्यात पडलं असेल. भल्या पहाटे चिखलाचा गोळा घेऊन ती बांधावरून चालते, पायाच्या अंगठ्याने ओल ओळखते, बोटाने बीळ चाचपते, माती कोंबते. हे पहिल्या प्रवेशात दाखव, कुणाचं लक्ष नसताना, घरच्यांचं बोलणं चालू असताना मागच्या बाजूला. तिला पाहूनच प्रेक्षकाला कळेल की बांधाची नस या गावात एकीलाच सापडते. मेव्हण्याने दारं उघडी ठेवली म्हणून एकटीला पुरं पडलं नाही, एवढंच.

मग शेवटचा प्रवेश पुढच्या भाद्रपदातला. शेतात कोरगुट, खाजनातलं खारं पाणी सोसणारं भात, उभं आहे, घरात नवं, म्हणजे नव्या पिकाचा सण, साजरं होतंय, देवापुढे कणसं ठेवली आहेत, मुख्य गांवकार सुनेच्या नावाने दिवा लावतो आहे. नवरा बांधावर एकटा. त्याच्या पायाला ओल लागते. तो वाकतो, हात घालतो, बीळ केवढं आहे त्याला कळत नाही, कारण हे काम त्याने कधी केलेलं नाही. गावाकडून ढोल ऐकू येतात. तो हाक मारायला तोंड उघडतो आणि कुणाला हाक मारायची ते त्याला सुचत नाही.

तू विचारलंस, कुठल्या बाजूला उभं राहायचं. कोंडी तू स्वतः रचली आहेस, हे विसरू नकोस. घाडीचं वाक्य तू लिहिलंस, पाकळी उजवी तू पाडलीस. दोरी तुझ्याही हातात आहे, तेव्हा गावावर रागावून सुटका नाही आणि सुनेला देवी करूनही नाही. गाव मात्र खरं भ्यायलेलं दाखव. तीन वर्षं मीठ लागलेल्या शेतात काही पिकत नाही, पोरं उपाशी आहेत, ही भीती खोटी नाही. मेव्हण्यालाही दुष्ट करू नकोस, त्याच्या डोक्यावर पावणीचं कर्ज असेल. प्रत्येकाला कारण असू दे. फक्त तिला एक प्रवेश दे, ज्यात तिच्याशी बोलणारा माणूस तिच्याकडून काही मागत नाही, आणि तिने "नाही" म्हटलं तर ते ऐकून घेईल. तो कोण, ते मला आत्ता सांगता येत नाही. तुझ्या गावात असा कुणी आहे का, शोध. नसेल, तर नाही हे प्रेक्षकाला दिसलं पाहिजे.

स्पर्धेच्या प्रवेशिकेची घाई करू नकोस. हा मसुदा पुन्हा लिही आणि पहिलं वाचन सभागृहात न ठेवता एखाद्या खाजनकाठच्या गावी, देवळाच्या मंडपात ठेव. म्हाताऱ्यांना पुढे बसव. मी येईन.